इटलीतल्या जुन्या शहरातला तुमचा एक तास

पुढच्या महिन्यात आईबाबांना घेऊन इटलीला निघालोय. रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस, नेपल्स. तिकिटं झाली, राहण्याची सोय झाली, त्यामुळे वेळापत्रक मागत नाहीये. मला हवाय तुमचा एकच तास, मनातून अजून न गेलेला. काय पाहिलंत, काय खाल्लंत, सविस्तर लिहा.

सुरुवात मीच करते. ऑफिसच्या कामाने गेले होते तेव्हा रोममध्ये एक दुपार मोकळी मिळाली. पँथिऑन या प्राचीन रोमन मंदिरात शिरले आणि बाहेर पाऊस कोसळायला लागला. त्या घुमटाच्या माथ्यावर मोठं गोल भोक आहे, वर आभाळ उघडं. पाऊस सरळ आत आला. लोक भिंतीकडे सरकले आणि मधल्या मोकळ्या गोलात नुसता पाऊस पडत राहिला. फरशीला किंचित उतार आहे, बारीक छिद्रं आहेत, पाणी तिथून निघून जातं. सुमारे १९०० वर्षं हे असंच चालू आहे. घुमटाचा व्यास आणि जमिनीपासूनची उंची सारखीच, साधारण ४३ मीटर. मान वर करून उभी होते, किती वेळ ते आठवत नाही.

* * *

मी कोल्हापूरचा. फ्लोरेन्सला गेलो तेव्हा सोबतचे सगळे मायकेलअँजेलोचा डेव्हिडचा पुतळा बघायच्या रांगेत उभे राहिले. मी एकटा कासिने बागेकडं चालत सुटलो. आर्नो नदीच्या काठानं लांबच लांब बाग आहे. तिच्या पार टोकाला, जिथं मुन्योने नावाची छोटी नदी आर्नोला मिळते, तिथं आमच्या छत्रपती राजाराम महाराजांची छत्री आहे.

महाराज १८७० साली इंग्लंडला गेले होते. परतताना फ्लोरेन्समध्ये आजारी पडले आणि ३० नोव्हेंबरला तिथंच वारले. वय अवघं वीस. त्या काळी इटलीत दहनाची पद्धत नव्हती. खास परवानगी काढावी लागली आणि मग संगमावर आपल्या रीतीनं दहन झालं. चार वर्षांनी तिथं स्मारक उभं राहिलं. घडीव खांब, वर छत्री, खाली महाराजांचा रंगवलेला अर्धपुतळा. आराखडा चार्ल्स मँट यांचा. आमचा नवा राजवाडाही त्यांचाच, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको.

शेजारून मोठा पूल जातो. त्याचं नाव ‘पोंते आल्लिंदियानो’, म्हणजे हिंदी माणसाचा पूल. रोज त्यावरून हजारो गाड्या जातात आणि महाराजांचं नाव माहीत नसलेली माणसंसुद्धा त्यांची आठवण उच्चारतात.

मी बूट काढले. लहानपणी पंचगंगेच्या घाटावर आजोबा प्रत्येक समाधीपुढं थांबून हात जोडायला लावायचे. इथं माझ्याशिवाय कुणी नव्हतं. एक बाई कुत्र्याला फिरवत होती, ती थोडा वेळ थांबली, मान लववली आणि पुढं गेली. डेव्हिड मी दुसऱ्या दिवशी पाहिला. सुंदरच आहे. पण फ्लोरेन्स म्हटलं की मला संगमच दिसतो.

* * *

आम्ही मालवणचे, त्यामुळे व्हेनिसला पहाटे उठून आधी रिआल्तोचा मासळीबाजार गाठला. (रविवार-सोमवार टाळा, बंद असतो.) तिथे भिंतीवर संगमरवरी पाटी आहे. कुठली मासळी किती लांबीपेक्षा लहान असेल तर विकायची नाही, ते कोरून ठेवलंय. तारलीच्या जातीला सात सेंटिमीटर. बाबा जन्मभर लहान मासळी मारण्यावरून भांडत आले. त्या पाटीवर त्यांनी हात फिरवला आणि म्हणाले, "ह्यां दगडार कोरूक व्हया होतां आमच्याकडे."

मग एका बाकारोत उभ्यानेच ‘सार्दे इन साओर’ खाल्लं. बाकारो म्हणजे छोटं मद्यगृह, काचेच्या कपाटात चिकेत्ती नावाच्या लहान बश्या मांडलेल्या. तारल्या तळायच्या, भरपूर कांदा व्हिनेगरमध्ये शिजवून त्यावर घालायचा, मनुका आणि चिलगोजे पेरायचे आणि दिवसभर मुरत ठेवायचं. दर्यावर्दी लोकांनी मासळी टिकवायला काढलेली युक्ती. आंबट, गोड, खारट, तिन्ही एका घासात. कालचं कालवण आज जास्त चांगलं का लागतं, हे आमच्या घरात कुणाला समजवावं लागत नाही. बाबांनी दुसरी बशी मागवली.

* * *

बोलोन्यात दोन वर्षं शिकत होते. तिथले पोर्टिको, म्हणजे रस्त्याकडेच्या छत असलेल्या कमानींच्या वाटा, जुन्या भागातच ३८ किलोमीटर आहेत. पावसाळी दिवसातही छत्री न घेता कॉलेजला जायचे. पण मला सांगायचंय ते लाटण्याबद्दल.

मी राहायचे त्या गल्लीत ताज्या पास्त्याचं दुकान होतं. आत स्फोल्यीना, म्हणजे पास्ता लाटणाऱ्या बायका. फक्त मैदा आणि अंडी. लाटणं हातभर लांब. पारी इतकी पातळ की खालच्या लाकडाचा रंग वर दिसावा. मग बोटाएवढे चौकोन, त्यात सारण, घडी, आणि करंगळीभोवती गुंडाळून टोकं चिकटवली की झाली तोर्तेल्लीनी. आई भेटायला आली तेव्हा काचेतून बघत बसली. तिला भाषेचा एक शब्द कळत नव्हता. आतल्या मावशींनी खूण करून बोलावलं आणि लाटणं तिच्या हातात दिलं. आईने पुरणपोळीच्या हाताने, कडेकडेने दाबत, पारी फिरवली. मावशी म्हणाल्या, "ब्रावा!"

* * *

शाकाहारी मंडळींसाठी: पार्मेजान चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारा पदार्थ, असतो, त्यामुळे कडक पाळणाऱ्यांनी पेस्तोसुद्धा (बेसिलच्या पानांची चटणी, तिच्यात हे चीज पडतं) विचारून घ्यावा. जेनोव्हाला मात्र फारिनाता खा. हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ. तांब्याच्या भल्यामोठ्या परातीत, लाकडाच्या भट्टीत भाजलेलं. कडा कुरकुरीत, मधे मऊ. चौदा दिवसांत पहिल्यांदा घरचं धिरडं खाल्ल्यासारखं वाटलं.

* * *

नेपल्सला पिझ्झा सगळेच सांगतील. मी तेरचा, धाराशिव जिल्ह्यातला, निवृत्त शिक्षक. तिथल्या पुरातत्त्व संग्रहालयात जा आणि भारतातून आलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती विचारा. १९३८ साली पोम्पेईत सापडली, वीतभर उंच, पायाशी दोन सख्या. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेत गाडली गेली, म्हणजे त्याआधीच ती आपल्याकडून समुद्रापार पोचली होती. ‘पोम्पेई लक्ष्मी’ नाव पडलं, पण बरेच अभ्यासक तिला यक्षी मानतात. तिच्याशी जुळणारी हस्तिदंती मूर्ती आमच्या तेरच्या लामतुरे संग्रहालयात आहे आणि भोकरदनच्या कारागिरांचंही नाव अभ्यासक घेतात. मुलांना वर्गात मी शेकडो वेळा शिकवलं होतं की सातवाहनकाळी तेरचा माल रोमपर्यंत जायचा. काचेपुढं उभा राहिलो तेव्हा ते वाक्य खरं झालं.

* * *

धागाकर्ती: सगळ्यांचे मनापासून आभार. तेरचे गुरुजी, आईला तुमचं वाचून दाखवलं, नेपल्सचा पहिला दिवस संग्रहालयाला दिलाय. कोल्हापूरकर दादा, आईबाबांना कासिनेच्या टोकापर्यंत चालवेल का?

* * *

ट्राम क्रमांक १ नं कासिने थांब्यावर उतरा, तिथून तीनेक किलोमीटर सपाट सावलीचा रस्ता आहे. जमत नसेल तर टॅक्सीवाल्याला ‘इंदियानो’ एवढंच सांगा, समजतं. आणि फुलं शहरातूनच घेऊन जा, मला वाटेत कुठं मिळाली नव्हती.