मदत हवी आहे: मालवण-तारकर्ली, सोबत गुडघेदुखीवाली आई आणि ८ वर्षांचा मुलगा

दिवाळीनंतर चार दिवस मालवणला जायचं ठरतंय, रात्रीची कोकणकन्या पकडून कुडाळला उतरायचं आणि तिथून रिक्षा. आता प्रश्न असा की आईला काहीही करून सिंधुदुर्ग किल्ला बघायचाय, शिवराजेश्वराचं मंदिर आणि खाऱ्या समुद्राच्या मधोमध गोड्या पाण्याच्या त्या विहिरी, दूधबाव, साखरबाव, दहीबाव, हे तिच्या डोक्यात लहानपणापासून बसलंय, पण गुडघे असे की घरचे दोन जिने चढताना मध्ये थांबते. होडीत चढ-उतार जमेल का तिला? खरं सांगा, "जमेल हो" असलं नको.

दुसरं, राहायचं कुठे, तारकर्ली की देवबाग की मालवण गावातच? मागच्या वेळी एका ठिकाणी (नाव नाही घेत) फोनवर सी-फेसिंग सांगितलेलं आणि खिडकी उघडली तर समोर शेजाऱ्यांचे वाळत घातलेले टॉवेल, समुद्र नुसता ऐकू येत होता, तेही रात्री पंखा बंद केला की. चिरंजीवांना स्कूबा हवंय. मला फक्त तिसऱ्या (शिंपल्या) आणि सोलकढी.

प्रतिसाद १:
मी मालवणचाच. आईंना भरतीच्या वेळी न्या, ओहोटीला होडी खाली जाते आणि पायरी उंच पडते, सगळा त्रास तिथेच. जेटीवर होडीवाल्याला आधीच सांगा, दोघं जण हात देतात. आत उन्हात चालणं बरंच आहे, म्हणून सकाळीच जा, आणि तटावर चढायचा हट्ट नको, मंदिर आणि बावी बघून परत. स्कूबावाले १० वर्षांखालच्यांना सहसा घेत नाहीत, मुलाला आत्ताच सांगून ठेवा नाहीतर तिथे रडारड. त्यापेक्षा पहाटे किनाऱ्यावर रापण (मासेमारीचं मोठं जाळं) ओढत असतील तर त्याला घेऊन जा. लांबून फोटो काढू नका, दोराला हात लावा. जाळं वर आलं की वाळूत मासे असे तडतडतात ना, पोर स्कूबा विसरेल, वर दोन बांगडे हातावर ठेवले तर घ्या, नको म्हणू नका.

राहायला देवबाग. एका बाजूला कर्ली नदी, दुसरीकडे समुद्र, टॉवेल कुठेही असोत.

धागाकर्ता:
भरतीचं डोक्यातच नव्हतं! मग तारखा भरती बघूनच ठरवतो. रापणीला साधारण किती वाजता पोचायचं?

प्रतिसाद १:
उजाडताना. पण रोज असतेच असं नाही, आदल्या संध्याकाळी घरमालकाला विचारा.