घरच्या कॅमेऱ्यांचे चित्रण इंटरनेटवर उघडे न टाकता बाहेरून कसे पाहता येईल?

नमस्कार. पुण्यात सहकारनगरमधील आमच्या जुन्या बंगल्यात आई-बाबा दोघेच राहतात आणि मी वाकडला असतो. मार्चमध्ये फाटक, मागचे अंगण, जिना आणि दिवाणखाना अशा चार ठिकाणी चार मेगापिक्सेलचे कॅमेरे बसवून घेतले. बसवणाऱ्याने तारांचे काम नेटके केले आहे. प्रत्येक कॅमेऱ्याला स्वतंत्र कॅट सिक्स तार आहे, त्याच तारेतून वीज जाते आणि सगळ्या तारा एनव्हीआरच्या (चित्रण साठवणाऱ्या यंत्राच्या) मागच्या पीओई पोर्टमध्ये येतात.

जूनमध्ये ॲपमधील खात्याची माहिती सहज उघडून पाहिली, तेव्हा मुख्य खाते बसवणाऱ्याच्याच मोबाइल क्रमांकावर असून मला त्याने फक्त ‘शेअर’ करून दिले आहे, हे लक्षात आले. दुपारी आई दिवाणखान्यात पंख्याखाली वाती वळत बसते, ते दृश्य तीन महिने त्याच्या फोनवरही दिसू शकत होते. त्याने ते पाहिले असेल असे मी म्हणत नाही. विचारताच तो घरी आला आणि खाते मोकळे करून गेला. पण आईला हे सांगणे मला फार जड गेले. तिने त्याच दिवशी त्या कॅमेऱ्यावर उशीचा अभ्रा घातला. तो कॅमेरा मी आता तारेपासूनच सोडवला आहे आणि ती हो म्हणेपर्यंत पुन्हा जोडणार नाही.

त्यानंतर एनव्हीआर मूळ स्थितीत आणून नवा लांब पासवर्ड ठेवला, फर्मवेअर अद्ययावत केले आणि क्लाउडची जोडणी बंद केली. राउटरमध्ये यूपीएनपी (उपकरणांना स्वतःहून पोर्ट उघडू देणारी सोय) चालू होते आणि आरटीएसपीचा (थेट चित्रण पाठवण्याच्या पद्धतीचा) ५५४ क्रमांकाचा पोर्ट बाहेरून आत वळवलेला होता. तेही काढून टाकले. २०१६ मध्ये मिराई या घातक सॉफ्टवेअरने जगभरातील असंख्य कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले, ते कारखान्यातून येणारे साठेक ठरावीक पासवर्ड एकामागोमाग लावून पाहत, हे वाचल्यापासून या बाबतीत हयगय करण्याची माझी तयारी नाही. कॅमेरे एनव्हीआरच्या आतल्या वेगळ्या नेटवर्कवर असल्यामुळे घरच्या वाय-फायवरून ते थेट दिसत नाहीत, एवढी एक बाजू आपोआप सांभाळली गेली आहे. साठवणुकीचीही अडचण नाही: दर सेकंदाला चार मेगाबिट धरले तर एका कॅमेऱ्याचे दिवसाला सुमारे ४३ जीबी होतात, म्हणजे तीन कॅमेऱ्यांचे पंधरा दिवसांचे चित्रण दोन टीबीच्या डिस्कवर मावते.

आता मुख्य अडचण. क्लाउड बंद केल्यामुळे मला वाकडहून काहीच दिसत नाही. म्हणून घरी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर वायरगार्ड हे व्हीपीएन (बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये येण्याचा सुरक्षित मार्ग) बसवले. त्याला फक्त एक यूडीपी पोर्ट उघडावा लागतो आणि ओळख न पटलेल्या माणसाला तो उत्तरच देत नाही, हे मला पटले. घरातल्या घरात ते व्यवस्थित जोडले जाते, मोबाइल डेटावरून मात्र जोडले जात नाही. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.७० ने सुरू होणारा दिसतो, म्हणजे आमची जोडणी सीजीनॅटमागे (सेवादाता अनेक ग्राहकांना एकच सार्वजनिक पत्ता वाटून देतो त्या व्यवस्थेमागे) आहे आणि बाहेरून आलेली मागणी राउटरपर्यंत पोहोचतच नाही. अशा स्थितीत सेवादात्याकडून जास्तीचे पैसे भरून स्थिर आयपी (न बदलणारा स्वतंत्र सार्वजनिक पत्ता) घ्यावा, टेलस्केलसारखी वायरगार्डवरच आधारलेली तयार सोय वापरावी, की भाड्याचा छोटा सर्व्हर मध्ये ठेवून वायरगार्ड त्यावरून वळवावे? माझा कल टेलस्केलकडे आहे, कारण त्यासाठी राउटरमध्ये एकही पोर्ट उघडावा लागत नाही. परंतु दोन-तीन वर्षे ते सलग वापरलेल्या कोणाचा अनुभव मला ऐकायचा आहे.

दुसरा प्रश्न तारेचा आहे. फाटकापर्यंतची सुमारे चाळीस मीटर तार कंपाउंडच्या भिंतीवरून उघड्यावर गेली आहे. वळवाच्या पावसात जवळ वीज पडली, तर त्या तारेतून एनव्हीआरपर्यंत झटका येऊ नये म्हणून सर्ज प्रोटेक्टर फाटकाकडे लावावा, घराकडे लावावा, की दोन्हीकडे? आणि त्याचे अर्थिंग घराच्या मूळ अर्थिंगलाच जोडायचे ना?

उपाय सुचवताना एक गोष्ट कृपया लक्षात घ्यावी. बाबांचे वय ७४ आहे आणि रात्री फाटक वाजले की त्यांना फोनवर एकदाच बोट लावून बाहेर कोण आहे ते दिसायला हवे. घरच्या वाय-फायवर ते आज तसे दिसते, ते बंद पडेल असे काही मला करायचे नाही.