अनुभव धागा : समाजशास्त्रात परदेशी पीएच.डी. आणि फंडिंग

समाजशास्त्रात पीएच.डी.साठी परदेशी जाऊ इच्छिणाऱ्यांना सर्वांत आधी विद्यापीठांची क्रमवारी सांगितली जाते आणि पैशांचे गणित सर्वांत शेवटी कळते. क्रम उलटा असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. अमेरिकेतील बहुतेक चांगले विभाग प्रवेश देतानाच शुल्कमाफी आणि विद्यावेतनही देतात. ब्रिटनमध्ये प्रवेश आणि पैसा यांचे निर्णय बहुधा वेगवेगळे होतात. जर्मनीत अनेकदा ती सरळ नोकरीच असते. पैसे कोण देणार आणि ते केव्हा ठरणार, हे कळल्याशिवाय अर्जाचा एकही कागद नीट लिहिता येत नाही. या वाटेने गेलेल्यांना मी लिहिण्याची विनंती केली होती. आपल्या विभागाचे व मार्गदर्शकांचे नाव देऊ नये, हा संकेत सर्वांनी पाळला आहे.

अमेरिका, सरकारी विद्यापीठ, चौथे वर्ष

माझे एम.ए. मराठी माध्यमातून झाले आणि प्रबंधिकाही मराठीतच होती. विषय होता बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांची उचल. अमेरिकी विभाग इंग्रजीतील लेखननमुना मागतात आणि माझ्याजवळ तसे काहीच नव्हते. सबंध प्रबंधिकेचे भाषांतर करत बसण्याऐवजी मी तिच्यातील एकच प्रकरण इंग्रजीत नव्याने लिहिले. मुकादम हंगामाआधी एका कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला मिळून उचल देतो. व्यवहार नवऱ्याशी होतो आणि फेड दोघांच्या कष्टातून होते. मराठी प्रबंधिकेत ही गोष्ट वर्णनाच्या ओघात येऊन गेली होती. इंग्रजी मसुद्यात तीच मध्यवर्ती प्रश्न झाली : कर्जाचा व्यवहार घरातील श्रमविभागणी कशी ठरवतो? प्रवेश समितीतील बहुतेकांना बीड कुठे आहे हे ठाऊक नसते, पण कर्ज, कुटुंब आणि श्रम यांवरचे वाद त्यांच्या रोजच्या कामातले असतात, आणि त्या वादात आपण नेमकी कोणती भर घालणार हे ते शोधत असतात. एसओपीतही, म्हणजे अर्जासोबतच्या उद्देशपत्रातही, मी हाच प्रश्न पहिल्या परिच्छेदात मांडला. ‘लहानपणापासून समाजाविषयी कुतूहल होते’ अशी सुरुवात समितीने शेकडो वेळा वाचलेली असते.

खरी अडचण आली ती शिफारसपत्रांची. तीन पत्रे लागतात आणि ती प्राध्यापकांनी स्वतः संकेतस्थळावर टाकायची असतात. तालुक्याच्या महाविद्यालयातील आमच्या सरांचा ईमेल साधा जीमेलचा, तर काही विद्यापीठे संस्थेचाच पत्ता मागतात. सरांनी महाविद्यालयाच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी पत्र तयार केले, मी प्रवेश कार्यालयाला ही परिस्थिती आधीच कळवली आणि सगळीकडे ते चालले. पत्रासाठी सरांना मी एका पानाचे टिपण दिले होते : क्षेत्रकार्य कुठे केले, किती मुलाखती घेतल्या, निष्कर्ष काय निघाला. ‘विद्यार्थिनी हुशार व नम्र आहे’ एवढ्यावर थांबणारे पत्र तिकडे निरुपयोगी ठरते. विद्यापीठ मागत नसेल तर टक्क्यांचे आपल्या मनाने रूपांतर करू नये. श्रेणीचे नियम गुणपत्रकाच्या मागे छापलेले असतील तर ती बाजूही स्कॅन करून जोडावी, म्हणजे साठ टक्के हे आपल्याकडे प्रथम श्रेणीचे गुण असतात हे त्यांना कळते.

२०२० नंतर अनेक विभागांनी जीआरई ही प्रवेशपरीक्षा ऐच्छिक केली किंवा काढूनच टाकली. टोफेल ही इंग्रजीची परीक्षा मात्र मला द्यावीच लागली. तिचे गुण दोन वर्षेच ग्राह्य असतात.

ब्रिटन, दुसरे वर्ष

इथे आधी मार्गदर्शक आणि मग अर्ज. मी सप्टेंबरपासून प्राध्यापकांना एक पानाचा आराखडा पाठवत होतो. त्यांच्या होकारानंतरच सविस्तर प्रस्ताव लिहिला. ईएसआरसी ही सामाजिक शास्त्रांना निधी देणारी मुख्य संस्था असून तिची विद्यावेतने विद्यापीठांच्या प्रशिक्षण गटांमार्फत दिली जातात. २०२१ पासून ती परदेशी विद्यार्थ्यांनाही खुली झाली, पण एका तुकडीत त्यांचे प्रमाण ३० टक्क्यांवर जाऊ शकत नाही. २०२५-२६ साठी यूकेआरआयने, म्हणजे ईएसआरसीच्या पालक संस्थेने, ठरवलेले किमान विद्यावेतन वर्षाला २०,७८० पौंड होते. यातली मेख अशी की निधी देणारी संस्था शुल्क भरते ते स्थानिक दराने. परदेशी विद्यार्थ्यासाठीचा वरचा फरक विद्यापीठ माफ करते की नाही, हे अर्ज करण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे. प्रवेशपत्र हाती आहे म्हणजे काम झाले, असे ब्रिटनमध्ये मुळीच समजू नये.

जर्मनी, तिसरे वर्ष

मी प्रवेशासाठी नव्हे, तर प्रकल्पातील जागेसाठी अर्ज केला. सामाजिक शास्त्रांत ही पदे बहुधा ई-१३ या सार्वजनिक सेवेतील वेतनश्रेणीची आणि पूर्णवेळाच्या ६५ टक्क्यांच्या आसपास असतात. शिक्षणशुल्क जवळपास नसते, आरोग्यविमा व निवृत्तिवेतनाचा वाटा पगारातून कापला जातो. विषयाची चौकट प्रकल्पाने आधीच ठरवलेली असते, त्यामुळे स्वतःचा लाडका विषय अर्जात रेटण्यात अर्थ नाही. जाहिरातीतील प्रश्नावर आपण कोणत्या पद्धतीने काम करू, तेवढेच लिहावे. मुलाखतीत मला बराच वेळ विचारले गेले ते मुलाखतींच्या संहितांचे कोडिंग, म्हणजे मजकुराचे आशयानुसार वर्गीकरण, मी कसे करेन, हे. ज्यांना स्वतःचाच विषय हवा आहे त्यांनी डाड या जर्मन शैक्षणिक विनिमय संस्थेची शिष्यवृत्ती पाहावी.

अमेरिका, खासगी विद्यापीठ, दुसरे वर्ष

मी विमुक्त समाजातली आहे. माझे आजोबा सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना डांबून ठेवण्याच्या वसाहतीत, वाढले. १८७१ मध्ये प्रथम आलेला गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी पत्त्यात सेटलमेंट लिहिले की नोकरीच्या मुलाखतीत समोरच्याचा सूर बदलतो, आणि मला नेमके त्यावरच काम करायचे होते. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपमध्ये १२५ जागा आहेत. त्यांपैकी सहा भटक्या-विमुक्तांसाठी. परंतु २०२२ च्या नियमावलीत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरील सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले होते, आणि त्यावर तेव्हा बरीच टीकाही झाली. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये कोलंबियाला गेलेल्या बाबासाहेबांनी १९१६ मध्ये तिथल्या सेमिनारमध्ये भारतातील जातींवर निबंध वाचला होता. तो विषय या अटीत बसला असता का, याचा विचार ज्याने त्याने करावा. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे, वर्षाला ७५ जागा. त्यांनी ती जरूर पाहावी, मला ती लागू नव्हती.

म्हणून मी विभागाकडूनच विद्यावेतन देणाऱ्या ठिकाणी अर्ज केले. तिथे विषयाला सरकारी मंजुरी लागत नाही. विभागात तो पेलणारे किमान दोन प्राध्यापक असावे लागतात. मी दक्षिण आशियावर काम करणाऱ्यांपुरता शोध घेतला नाही. तुरुंग, पोलीस आणि कलंक यांवर लिहिणारे शोधले, आणि माझ्या आजच्या मार्गदर्शक कधीही भारतात आलेल्या नाहीत. अर्जाचे शुल्क बहुधा ७५ ते १२५ डॉलर असते. शुल्कमाफी काही ठिकाणी परदेशी विद्यार्थ्यांनाही मिळते, पण मुदतीच्या आधी ईमेल करून मागावी लागते.

अमेरिका, पहिले वर्ष (मूळ गाव फोंडा, गोवा)

वरच्या अनुभवांत देकारपत्राचा, म्हणजे प्रवेश व विद्यावेतन देऊ करणाऱ्या पत्राचा, विषय आलेला नाही, म्हणून तेवढेच लिहितो. अर्ज करण्याआधी विभाग यंदा प्रवेश देणार आहे ना, हे तपासावे. नोव्हेंबर २०२४ मध्ये बॉस्टन विद्यापीठाने समाजशास्त्रासह डझनभर पीएच.डी. अभ्यासक्रमांचे पुढील वर्षाचे प्रवेश थांबवले होते. देकार आल्यावर रक्कम नऊ महिन्यांची की बारा महिन्यांची, हे आधी पाहावे. नऊची असेल तर उन्हाळ्याचे काय, हे विभागाच्या समन्वयकांना विचारावे, कारण एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासच, तेही विद्यापीठाच्या आवारातच काम करता येते. शिकवणीशुल्क माफ असले तरी ‘विद्यार्थी शुल्क’ या नावाखाली दर सत्राला वेगळी रक्कम कापणारी विद्यापीठे आहेत. आरोग्यविमा कितपत भरला जातो आणि किती वर्षांचे विद्यावेतन लेखी आहे, तेही पाहावे. बहुतेक विद्यापीठांत उत्तर द्यायची मुदत १५ एप्रिल असते. तोवर घाईने होकार द्यायचे बंधन नाही आणि हे प्रश्न विचारल्याने कोणी देकार मागे घेत नाही.

पहिले वेतन सप्टेंबरच्या अखेरीस किंवा त्यानंतरही येऊ शकते, तर विमानभाडे, ३५० डॉलरचे सेव्हिस शुल्क (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे) आणि खोलीची अनामत रक्कम त्याआधी भरावी लागते. आमच्या विभागात यासाठी आगाऊ उचल मिळते, मात्र तिचा अर्ज जुलैतच करावा लागतो.