टायसनची सगळ्यात मोठी चूक कोणती? मराठवाड्यातल्या रिंगवाल्यांचा अनुभव धागा

धागाकर्ता, छत्रपती संभाजीनगर

बॉक्सर माइक टायसन 50 लढती जिंकला, त्यातल्या 44 नॉकआउटनं. 22 नोव्हेंबर 1986 ला ट्रेव्हर बर्बिकला दुसऱ्या राउंडमध्ये पाडून विसाव्या वर्षी जगज्जेता झाला, आणि तेविसाव्या वर्षी टोकियोत जगज्जेतेपदाचे सगळे पट्टे घालवून बसला. आपल्याकडं शिकवणारे, कॉर्नर, म्हणजे रिंगच्या कोपऱ्यात बॉक्सरला सांभाळणारे, पंच म्हणून उभे राहणारे बरेच जण आहेत. प्रत्येकानं एकच चूक धरा. ती लढतीत नेमकी कुठं दिसते, कशानं झाली, आणि पोरांकडून होऊ नये म्हणून काय करायचं ते लिहा. स्वतःच्या आठवणी दुसऱ्या वेळी.

मांजराकाठ, लातूर

ट्रेनर केव्हिन रूनीला काढणं. माझ्या लेखी बाकी सगळ्या चुका याच एका चुकीच्या पोटातून आल्या.

27 जून 1988 ला मायकल स्पिंक्स 91 सेकंदांत पडला. रूनी कॉर्नरला असलेली ती शेवटची लढत. टायसनला घडवणारे वस्ताद कस डामाटो 1985 च्या नोव्हेंबरात गेले, मॅनेजर जिम जेकब्स 1988 च्या मार्चमध्ये. डामाटोंची पद्धत हाडीमाशी मुरलेला रूनीच तेवढा कॉर्नरला उरला होता, आणि वर्ष संपायच्या आत त्यालाही घालवलं.

टायसनची उंची 5 फूट 10 इंच, हातांचा पल्ला 71 इंच. हेवीवेटमध्ये हा बुटकाच. बुटका सरळ आत शिरला की जॅब, म्हणजे लांबून येणारा सरळ ठोसा, खाणार. म्हणून दोन्ही मुठी गालफडाला, कोपरं बरगडीला, आणि डोकं सारखं डावी-उजवीकडं. डोकं ज्या बाजूला जातं त्या पायावर वजन येतं आणि ठोसा त्याच पायातून सुटतो. एकाच हालचालीत बचाव होतो आणि ताकदही भरते. डोकं थांबलं की दोन्ही गेलं. "नंतर त्याच्या ठोशात जोर राहिला नाही" असं लोक म्हणतात. जोर दंडात होताच, पायातून वर येईनासा झाला.

रूनी आकड्यांत बोलायचा. प्रत्येक ठोशाला एक आकडा. डामाटोंनी आपला बॉक्सर होजे टोरेससाठी, 1965 मध्ये विली पास्ट्रानोशी लढत होती तेव्हा, गाद्या गुंडाळून एक बॅग केली होती. तिच्यावर माणसाची आकृती आणि ठोसा जिथं बसायचा तिथं आकडा. पास्ट्रानोवरून नाव पडलं विली बॅग. तीन-चार आकडे ओरडले की तेवढ्या ठोशांची माळ सुटायची. आता फेब्रुवारी 1989 ची फ्रँक ब्रुनोची लढत बघा. टायसन जिंकला खरा, पण एक मोठा ठोसा, मग मिठी. पुन्हा एक ठोसा, पुन्हा मिठी. माळ तुटलेली.

आपला जिल्हा पैलवान हरिश्चंद्र बिराजदार मामांचा. वस्ताद काय असतो हे इथं कुणाला सांगायची गरज नाही.

ताई, धाराशिव

दादा, तुमचं बरोबर आहे. डोकं हलवायची सवय कशी लावायची तेवढं जोडते, कारण नुसतं "डोकं हलव" ओरडून पोरींना काही कळत नाही.

डामाटोंच्या जिममध्ये लोंबती छोटी पिशवी असायची. आपल्याकडं ती घरी होते. जुन्या जीन्सच्या कापडाची, नारळापेक्षा थोडी लहान पिशवी शिवायची, आत ज्वारी भरायची. वाळू भरली तर चुकून लागल्यावर पोरगी डोळे मिटायला शिकते आणि ती खोड पुढं जात नाही. दोरी छताच्या कडीला, पिशवी बरोबर नाकासमोर. झोका द्यायचा, पिशवी अंगावर येताना गुडघ्यातून वाकून बाजूला व्हायचं, परत जाताना दुसऱ्या बाजूला. कमरेतून वाकलं की नजर जमिनीकडं जाते. गडबड तिथंच होते, म्हणून शिकवणाऱ्यानं पिशवीकडं न बघता गुडघ्यांकडं बघावं. दोन मिनिटांचे तीन राउंड, हातात काही नाही. आठवडाभरानं वाकून उठताना एक ठोसा जोडायचा.

पावसाळ्यात ज्वारीला सोंडे लागतात, पिशवी हलकी होऊन वेडीवाकडी झुलते. दर दोन महिन्यांनी ज्वारी बदला.

सवय सुटायला मात्र काही लागत नाही. समोर हलणारं काही नसलं आणि कुणी टोकणारं नसलं की डोकं आपोआप थांबतं.

कॉर्नरवाला, परभणी

मी टोकियोतला कॉर्नर धरतो. 11 फेब्रुवारी 1990, समोर बस्टर डग्लस, त्याच्या जिंकण्यावर सट्टेबाजांचा भाव 42 ला 1. कॉर्नरला ॲरन स्नोवेल आणि जे ब्राइट. टायसनचा डावा डोळा सुजायला लागला आणि यांच्याकडं सूज दाबायचं लोखंडच नाही! शेवटी रबरी हातमोज्यात बर्फाचं पाणी भरून डोळ्यावर धरलं.

ते का चालत नाही ते सांगतो. सुजेवर नुसता गारवा पुरत नाही, दाब लागतो. पाण्याचा मोजा लिबलिबीत, दाबलं की पाणी बाजूला सरकतं. मूठ असलेला चपटा स्टीलचा तुकडा बर्फात पडलेला असतो, तो सुजेवर सपाट ठेवून स्थिर दाबायचा. चोळायचा नाही. चोळलं की सूज पापणीकडं पसरते आणि डोळा लवकर बंद होतो. दोन राउंडमध्ये मिनिटभर मिळतं. स्टुलावर बसवणं, माउथगार्ड काढणं, पाणी देणं यात वीस सेकंद जातात. उरलेल्या चाळीसात आधी कातडी कोरडी पुसायची, नाहीतर स्टील घसरतं.

आपल्याकडच्या स्पर्धेत हे मिळत नसलं तर दोन चपट्या स्टीलच्या डब्या घ्या. एक डोळ्यावर, एक बर्फात. मे महिन्यात आपला पारा 42 च्या वर असतो, म्हणून बर्फ गोणपाटात गुंडाळून थर्माकोलच्या डब्यात, आणि निम्मा बर्फ शेवटच्या लढतींसाठी वेगळा. आणि डोळा मिटत आला तर डॉक्टरांपासून लपवू नका.

कॉर्नरचं सामान गरज पडंल म्हणून न्यायचं असतं. त्या रात्री ती पडंल असं कुणाला वाटलंच नव्हतं.

गोदाकाठ, नांदेड

परभणीकर मामा, डोळा सुजला तो जॅब खाऊन. डग्लसचा पल्ला 83 इंच, टायसनपेक्षा फूटभर जास्त. जॅब चुकवता येत नसताना लोखंड असतं तरी दोन राउंड अजून निघाले असते, इतकंच. इशारा आधीच मिळाला होता. टोकियोतल्या सरावात ग्रेग पेजनं त्याला खाली पाडलं होतं. स्पारिंगमध्ये, म्हणजे सरावाच्या लढतीत, पडला की लढतीआधी जिथं चुकलं तेवढंच हळू वेगात पन्नास वेळा करून घ्यायचं असतं.

माझ्या मते दुसरी मोठी चूक 1995-96 ची. तुरुंगातून आल्यावर चार लढती: मॅकनीली 89 सेकंद, मॅथिस तिसऱ्या राउंडपर्यंत, ब्रुनो तिसऱ्या राउंडपर्यंत, सेल्डन 109 सेकंद. सगळं मिळून सात राउंड भरत नाहीत. आणि 9 नोव्हेंबर 1996 ला समोर होलिफील्ड, जो मागं हटत नाही, छातीला छाती लावून ढकलतो. सहाव्यात टायसन खाली, अकराव्यात लढत थांबली. सोप्या लढतींनी जिंकायची सवय लागते, पण आठव्या राउंडला पायात काय होतं ते कळत नाही. पोरं नुसती बॅग मारायलेत आणि दम आला म्हणायलेत. बॅग ढकलत नाही. तीन जोडीदार, प्रत्येक राउंडला नवा ताजा गडी समोर, मग खरा दम दिसतो.

पंच, जालना

होलिफील्डचा कान चावणं, 28 जून 1997. दुसऱ्या राउंडमध्ये डोक्याला डोकं लागून टायसनच्या उजव्या डोळ्यावर जखम झाली. पंच मिल्स लेन यांनी ते जाणूनबुजून केलेलं मानलं नाही. तिसऱ्यात चावा, दोन गुण कापले, परत दुसरा कान, लढत बाद. 30 लाख डॉलर दंड, परवाना रद्द, तो परत मिळायला पंधरा महिने लागले.

डोक्याची तक्रार खरी असू शकते. ती मांडायची रीत अशी, की बॉक्सरनं गप्प राहायचं आणि कॉर्नरनं राउंड संपल्या संपल्या पंचाला सांगायचं. रिंगमध्ये समोरच्याचं डोकं खालून येत असेल तर त्याच्या खांद्यावर हात ठेवून अर्धं पाऊल बाजूला वळा, त्याचं डोकं तुमच्या खांद्याबाहेर जातं. मागं सरळ सरकलात की ते पुन्हा हनुवटीखाली येतं.

बीड

1992 च्या शिक्षेला वर कुणी चूक म्हटलं नाही हे चांगलं झालं. बलात्काराचा गुन्हा होता तो. करिअरच्या हिशोबात धरू नका.

हिंगोली

पैशाचं एकच. टायसननं आपला प्रमोटर डॉन किंगवर 1998 मध्ये 10 कोटी डॉलरचा दावा लावला, शेवटी 1 कोटी 40 लाखांवर मिटलं. तोवर 2003 मध्ये दिवाळखोरी झाली होती. प्रमोटर आणि हिशोब बघणारा माणूस एकाच घरचा नसावा.

मांजराकाठ, लातूर

नांदेडकर भाऊंचा राउंडांचा हिशोब पटला, मी तो कधी असा मांडून बघितला नव्हता. तरी टोकियोचा दहावा राउंड आवाज बंद करून पोरांना दाखवा आणि फक्त टायसनच्या डोक्याकडं बघायला सांगा. डग्लसचा अपरकट मधोमध वर येतो तेव्हा ते डोकं जागच्या जागी आहे. त्यानंतरचे चार ठोसेही तिथंच बसतात. मग तो गुडघ्यांवर, माउथगार्ड चाचपडतोय, आणि ते तोंडात आडवं घालतोय.