थोडक्यात टळलेल्या अपघाताची नोंद : सक्ती, बक्षीस की अभय?

चर्चाप्रवर्तक, बेळगाव

दरवर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिनानिमित्त उद्यमबागेपासून मच्छे-होनग्यापर्यंतच्या कारखान्यांत फलक लागतात आणि शपथा घेतल्या जातात. मात्र क्रेनच्या हुकातून निसटलेला साचा कामगारापासून हातभर अंतरावर पडला आणि कोणाला खरचटलेही नाही, तर त्या घटनेची नोंद बहुतेक ठिकाणी कोठेच होत नाही. ‘वाचलास बघ’ म्हणून सगळे पुन्हा कामाला लागतात. अशी घटना स्वतःहून कळवणाऱ्यावर, चूक त्याचीच असली तरी, कारवाई होणार नाही असे व्यवस्थापनाने लेखी द्यावे, असे माझे मत आहे.

डिसेंबर १९७४ मध्ये वॉशिंग्टनजवळ उतरण्यापूर्वी टीडब्ल्यूए कंपनीचे विमान डोंगरावर आदळले आणि त्यातील सर्व ९२ जण मृत्युमुखी पडले. त्याआधी काही आठवडे दुसऱ्या एका कंपनीचे विमान त्याच मार्गावर, त्याच गैरसमजातून, नको तितके खाली येऊन थोडक्यात बचावले होते. त्या कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केले, इतरांपर्यंत मात्र ती गोष्ट पोचली नाही. १९७६ पासून अमेरिकेत असे अहवाल दंड करणाऱ्या विमानवाहतूक खात्याऐवजी ‘नासा’कडे जातात, त्यांतील नावे काढून टाकली जातात, आणि अनवधानाने झालेले उल्लंघन दहा दिवसांत कळवणाऱ्याला शिक्षेतून सूट मिळते.

लघुउद्योजक, उद्यमबाग

मी असहमत आहे. आमच्या फाउंड्रीत ‘नासा’ नाही. एकच कारकून आहे आणि हजेरी, पगार, आवक-जावक सारे तोच पाहतो. तरीही माझा खरा आक्षेप कागदाला नसून अभयाला आहे. ओले भंगार वितळलेल्या धातूत गेले की पाण्याची क्षणार्धात वाफ होते आणि भट्टीतला रस बाहेर उसळतो, हे प्रत्येक भट्टीवाल्याला पहिल्याच आठवड्यात सांगितलेले असते. ते ठाऊक असूनही घाईपोटी न तपासलेले भंगार टाकणाऱ्याला ‘मी कळवले आहे’ एवढ्यावर सोडायचे असेल, तर बाकीच्यांनी नियम का पाळावेत?

शिवाय या विषयावरच्या प्रत्येक व्याख्यानात अमेरिकी विमा कंपनीतील सुरक्षातज्ज्ञ हाइनरिच यांचे १९३१ चे प्रमाण ऐकवले जाते : एका गंभीर दुखापतीमागे २९ किरकोळ दुखापती आणि ३०० इजा न झालेल्या घटना. विम्याच्या जुन्या कागदपत्रांवरून काढलेला तो आकडा निसर्गनियम नव्हे. तेलावरून घसरल्याच्या शंभर नोंदी केल्या म्हणून भट्टीचा स्फोट टळत नाही, कारण दोन्हींची कारणेच वेगळी आहेत.

ठेकेदारी कामगार, खानापूर तालुका

लेखी अभय कंपनी देईल, पण माझी हजेरी ठेकेदार लावतो. ‘हा तक्रारखोर आहे’ असे त्याच्या कानावर गेले तर मला काढून टाकण्याचीही गरज पडत नाही, दुसऱ्या दिवशी नुसते बोलावले नाही की झाले. घटना कळवण्याच्या अर्जाचे म्हणाल, तर आमच्या पाळीत मराठी आणि कन्नड बोलणारे आहेत, बिहार-ओडिशातून आलेले आहेत, आणि छापील नमुना इंग्रजीत आहे.

सुरक्षा अधिकारी, साखर कारखाना, चिक्कोडी भाग

उद्योजक महोदयांचा हाइनरिचविषयीचा मुद्दा मला मान्य आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र मान्य नाही. नोंदी मोजण्यासाठी नसतात, वाचण्यासाठी असतात. भोपाळच्या त्याच कारखान्यात डिसेंबर १९८१ मध्ये फॉस्जीन वायूने एका कामगाराचा बळी घेतला होता. १९८४ च्या वायुदुर्घटनेआधी इशारे मिळाले नव्हते असे कोणी म्हणू शकत नाही. त्या दुर्घटनेनंतर, १९८७ मध्ये, कारखाने अधिनियमात ४१-एच हे कलम आले. त्याने धोकादायक प्रक्रियांतील कामगारांना नजीकचा धोका व्यवस्थापनाला आणि त्याच वेळी निरीक्षकालाही कळवण्याचा हक्क दिला. त्या प्रक्रियांच्या यादीत फाउंड्री आहे, हे येथे मुद्दाम नमूद करतो. २०२० च्या कामगार सुरक्षा व आरोग्यविषयक संहितेतही हा हक्क कायम आहे.

बक्षिसांना मात्र माझा ठाम विरोध आहे. विभागाला महिन्याच्या नोंदींचे उद्दिष्ट दिले की अखेरच्या दोन दिवसांत वही भरते आणि तीत ‘जिन्यावर तेल’ याखेरीज काही सापडत नाही. ‘अपघातरहित दिवस’ मोजून भेटवस्तू वाटणे तर त्याहून घातक, कारण मग कापलेले बोटही रुमालात लपते. ऐन गळीत हंगामात ऊस टाकण्याच्या गव्हाणीजवळचा माणूस अर्ज लिहीत बसणार नाही. त्याने पाळीप्रमुखाला तोंडी सांगावे, प्रमुखाने लिहून घ्यावे, आणि पुढची पाळी सुरू होण्याआधी काय केले, किंवा का केले नाही, ते त्याला सांगावे. माझ्या अनुभवात, हे उत्तर मिळाले नाही तर तोच माणूस दुसऱ्यांदा येत नाही.

निनावी पेटीचाही मला फारसा उपयोग वाटत नाही, कारण चिठ्ठीवर ‘पट्टा अचानक सुरू झाला’ एवढेच असेल तर कोणता पट्टा आणि बटणाशी कोण होते, हे विचारायचे कोणाला?

लघुउद्योजक, उद्यमबाग

तोंडी सांगण्याची पद्धत मला परवडेल. अभयाबाबत मात्र चर्चाप्रवर्तकांनी आपले उदाहरण अर्धेच सांगितले. विमानवाहतुकीतील सूट हेतुपुरस्सर उल्लंघनाला, गुन्ह्याला आणि प्रत्यक्ष अपघाताला लागू नाही, आणि मागील पाच वर्षांत उल्लंघन सिद्ध झालेले असल्यास ती मिळत नाही. एवढ्या अटींसह मी सही करीन.

चर्चाप्रवर्तक, बेळगाव

अटी मान्य आहेत. परंतु कृत्य हेतुपुरस्सर होते की घाईत झाले, हे मालकाने एकट्याने ठरवू नये. कामगारांचा एक प्रतिनिधी त्यात हवा.

ठेकेदारी कामगार, खानापूर तालुका

तो प्रतिनिधी कायम कामगारांतूनच निवडला जाणार असेल, तर भट्टीजवळ उभे राहणाऱ्या आमच्यापैकी कोणीच त्यात नसेल. आधी ठेकेदाराच्या करारात अट घाला की, घटना कळवल्यानंतर त्या माणसाचे काम थांबवायचे असल्यास कारण कंपनीला लेखी द्यावे लागेल.

लघुउद्योजक, उद्यमबाग

अशी अट घातल्यास ठेकेदार दर वाढवून मागेल, आणि तो वाढीव दर कास्टिंग घेणारा मोठा ग्राहक मला देणार नाही. प्रतिनिधी ठेकेदाराकडचा घ्यायला माझी हरकत नाही. करारातील अटीला आहे.