मारुती 800 चं इंजिन मागे टाकून घरी चॅसी (गाडीचा सांगाडा) बनवायचीय, आधी मॉकअप (खऱ्या मापाचा कच्चा नमुना) करावा का?

शाहूपुरी_स्पॅनर:
नमस्कार मंडळी. भंगारातून मारुती 800 उचललीय, बॉडी पार सडलीय पण इंजिन-गिअरबॉक्स टकाटक आहे. ते सीटच्या मागे बसवून दोन सीटची उघडी गाडी करायचीय. 25 मिमीचा 16 गेज चौकोनी पाइप उद्यमनगरात सहज मिळतो, कॉम्प्युटरवर ड्रॉइंगही झालंय. मित्र म्हणतो थेट कापायला घे, मॉकअपमध्ये नुसता वेळ जातो. मला काही धीर होईना. करावा का? आणि कशाचा?

रंधा_आणि_वेल्डर:
कराच भाऊ, पाइपला हात लावायच्या आधी करा. ड्रॉइंगमध्ये माणूस कधी नीट बसत नाही, गुडघा स्टिअरिंगला लागतो की नाही हे बसल्याशिवाय कळतच नाही. 25 मिमीच्याच लाकडी रिपा घ्या म्हणजे पाइपची जाडी आपोआप धरली जाते, जमीन सपाट आहे का ते लेव्हल ट्यूबने बघा, मग सूतदोरीने मधली रेघ मारा आणि सगळी मापं त्या रेघेपासूनच घ्या, एका बाजूच्या पाइपवरून दुसऱ्या बाजूचं माप कधी घेऊ नका. आधी चाकं उभी करा. 145/70 आर 12 टायर असेल तर ॲक्सलचं सेंटर जमिनीपासून साधारण 24-25 सेंमीवर येतं, तेवढ्या उंचीवर ठोकळ्यांवर पक्कं करा. मग इंजिन, मग सीट, पेडल, स्टिअरिंग. घरातल्या सगळ्यात उंच माणसाला हेल्मेट घालून बसवा, मेन हूपच्या (सीटमागची पाइपची कमान) टोकापासून पुढच्या हूपच्या (स्टिअरिंगजवळची कमान) टोकापर्यंत दोरी ताणा, हेल्मेट दोरीच्या खाली किमान 50 मिमी राहिलं पाहिजे (कॉलेजच्या फॉर्म्युला स्टुडंट गाड्यांनाही साधारण हाच नियम असतो). हे सगळं जागेवर बसलं की त्यांना जोडणारे पाइप कुठून जातील ते उरलेल्या जागेतच दिसायला लागतं.
आणि इंजिन फिरवून उलटं बसवू नका हं, चार फॉरवर्ड आणि एक रिव्हर्सच्या जागी चार रिव्हर्स आणि एकच फॉरवर्ड मिळेल. मूळ दिशेनेच ठेवा. मग गिअरचा रॉड मागच्या बाजूला निघतो, तो वळवून पुढे आणायला जागा लागते, ती आत्ताच धरा. रिपा जागेवर असतानाच ऑइल फिल्टर काढून बघा, ड्राइव्हशाफ्ट (गिअरबॉक्सपासून चाकापर्यंतचा दांडा) बाहेर येतो का बघा.

त्रिकोण_पंत:
वरचं सगळं बरोबर, त्यात एक भर. अगरबत्तीच्या काड्यांचं 1:10 मॉडेल करा, दोन्ही टोकं धरून पिळा. चौकोन लगेच लचकतो, कर्णाची एक काडी चिकटवली की फरक हाताला जाणवतो. तुमच्या गाडीत दोन जागा कमजोर राहणार, माणूस बसतो ती आणि इंजिनच्या वरची. दारं ठेवू नका, बाजू उंच घेऊन तिथे कर्ण टाका. इंजिनवरचा कर्ण बोल्टचा करा, नाहीतर इंजिन काढताना पाइप कापायची वेळ येईल.

शाहूपुरी_स्पॅनर:
मनापासून आभार दोघांचे! रिपा उद्याच आणतो. इंजिनबरोबर पुढचा सस्पेन्शन सेट मागे आला तर स्टिअरिंगच्या टाय रॉडचं (चाक वळवणारा दांडा) काय करायचं? आणि व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) मूळचा 2175 मिमीच ठेवू?

रंधा_आणि_वेल्डर:
टाय रॉड ठेवायचा, आतलं टोक चॅसीला ब्रॅकेटवर पक्कं करायचं. पण ब्रॅकेट कुठेही नको, मूळ गाडीत स्टिअरिंग रॅकचं (टाय रॉड ढकलणारी दातेरी पट्टी) टोक जिथे होतं तीच जागा लोअर आर्मच्या (चाक धरणारा खालचा दांडा) पिव्हटपासून, म्हणजे बिजागरीपासून मोजून घ्या, नाहीतर चाक वरखाली होताना आपोआप वळेल आणि वळणावर गाडीची शेपूट सुटेल. गाडी मोडण्याआधी ही मापं घ्या! व्हीलबेस माणूस आणि इंजिन बसल्यावर जो येईल तो, 2175 ला धरून बसायची गरज नाही.

सातारा_गिअर:
रस्त्यावर आणायचा विचार असेल तर आत्ताच सांगतो, टाइप अप्रूव्हल (त्या मॉडेलला चाचणी संस्थेची मंजुरी) नसलेल्या गाडीची आरटीओत नोंदणी होत नाही. खाजगी जागा नाहीतर ट्रॅक, तेवढंच धरून चाला. वेल्डिंगला आधी सगळीकडे नुसते टॅक (छोटे टाके) मारा, कर्ण मोजा, मग एक जोड इकडे एक तिकडे असं फिरत फिरत पूर्ण करा, एकाच कोपऱ्यात सलग मारलं तर फ्रेम ओढली जाते. मॉकअपचे फोटो टाका.