बीडच्या माळावरून पर्यटकांचं अवकाश उड्डाण शक्य आहे का?

माळरान_बीड
पाटोद्याकडे बालाघाटाच्या माथ्यावर सलग हजार एकर माळरान मिळू शकतं. पाऊस कमी, आभाळ मोकळं. ब्लू ओरिजिन या अमेरिकी कंपनीसारखी, शंभर किलोमीटर वर नेऊन दहा-अकरा मिनिटांत खाली आणणारी उड्डाणं इथून होतील का? कक्षेत जायचंच नाही, मग समुद्रकिनारा कशाला हवा?

उड्डाण_सुरक्षा
अर्धा मुद्दा बरोबर आहे. कक्षेत जायचं नसेल तर पृथ्वीच्या फिरण्याचा वेग कामाला येत नाही, म्हणून अक्षांशाचं फारसं महत्त्व उरत नाही. पण किनारा लागतो तो रॉकेट फुटलं तर तुकडे पडायला. हजार एकर म्हणजे जेमतेम चार चौरस किलोमीटर. ब्लू ओरिजिनच्या न्यू शेपर्ड रॉकेटचा बूस्टर (खालचा, इंजिनाचा भाग) सगळं सुरळीत असतानाही उड्डाणस्थळापासून तीनेक किलोमीटरवर उतरतो.

अमेरिकेच्या एफएए या हवाई वाहतूक नियामक संस्थेचा नियम असा, की एका उड्डाणामागे बाहेरच्या लोकांतले अपेक्षित मृत किंवा गंभीर जखमी ०.०००१ च्या वर जाता कामा नयेत. ढोबळ सूत्र: बिघाडाची शक्यता × तुकड्यांचं घातक क्षेत्र × लोकसंख्येची घनता. समजा शंभरात एक बिघाड आणि घातक क्षेत्र २,००० चौरस मीटर. २०११ च्या जनगणनेनुसार मराठवाड्यात चौरस किलोमीटरला साधारण २९० माणसं. उत्तर ०.००५८, म्हणजे मर्यादेच्या ५८ पट. ब्लू ओरिजिनचा तळ टेक्सासच्या कल्बरसन काउंटीत आहे. तिथे जवळपास ९,९०० चौरस किलोमीटरमध्ये २,२०० माणसं. तेच सूत्र लावलं की ०.०००००४.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये न्यू शेपर्डच्या इंजिनाचा नॉझल (गरम वायू बाहेर फेकणारं तोंड) निकामी झाला आणि बूस्टर कोसळला. आत माणसं नव्हती, आणि अवशेष आखून दिलेल्या धोक्याच्या क्षेत्रातच पडले, कारण तेवढं क्षेत्र मोकळं होतं.

माळरान_बीड
ऊसतोडीच्या हंगामात इथल्या वस्त्या निम्म्या रिकाम्या असतात. तेव्हाच उडवलं तर? नाहीतर विमानाखाली टांगून नेतात तसं यान चिकलठाणा विमानतळावरून?

उड्डाण_सुरक्षा
घनता निम्मी धरली तरी २९ पट. शिवाय मागे राहतात ती म्हातारी माणसं आणि लेकरं. त्यांच्या डोक्यावर हा धोका ठेवायचा नाही.

धावपट्टी_०९
विमानाच्या पर्यायाबद्दल. न्यू मेक्सिकोतल्या स्पेसपोर्ट अमेरिकाची धावपट्टी सुमारे ३,६५० मीटर, चिकलठाण्याची २,८०० च्या आसपास. यान परतताना इंजिन बंद असतं. अंदाज चुकला तर पुन्हा घिरटी घालून उतरता येत नाही, म्हणून लांबी हवी. तिकडे शेजारी व्हाइट सँड्स या लष्करी चाचणी क्षेत्राचं प्रतिबंधित आकाश आहे. आपल्या डोक्यावरून प्रवासी विमानांची सतत ये-जा.

नवी धावपट्टी करायची तर काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. ती उकरून मुरूम भरल्याशिवाय फरसबंदी टिकत नाही. बालाघाटावर माती उथळ, खाली बसाल्ट, तेवढा खर्च वाचेल.

खरी अडचण इंधन जाळायला लागणाऱ्या ऑक्सिडायझरची. व्हर्जिन गॅलॅक्टिक कंपनीच्या, विमानाखालून सुटणाऱ्या युनिटी यानात त्यासाठी नायट्रस ऑक्साइड वापरत. ३६.४ अंशांच्या वर ते द्रव राहूच शकत नाही, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळीशी ओलांडतो. उन्हात तापलेल्या टाकीतला दाब झपाट्यानं चढतो. गार ठेवणाऱ्या टाक्या, पहाटे भरणी आणि आसपास माणूस नको. २००७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मोहावीला नायट्रसच्या चाचणीत स्फोट होऊन तिघे गेले. इंजिन पेटवलेलंही नव्हतं.

वारा_आणि_बलून
माळरानदादा, रॉकेट सोडा, बलूनकडे बघा. साधारण तीस किलोमीटर उंची. ते अवकाश नव्हे, पण काळं आकाश आणि पृथ्वीची वक्रता दिसते. हैदराबादला टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) चं बलून केंद्र आहे. डिसेंबर २०२२ मध्ये हॅलो स्पेस या कंपनीनं माणसाविना कॅप्सूलची चाचणी तिथूनच घेतली.

सोडायला पहाटेचा पडलेला वारा लागतो, नाहीतर भरतानाच पातळ प्लास्टिक फाटतं. जून ते सप्टेंबर बाद. मार्च-एप्रिलमध्ये गारपीट आणि विजा. रॉकेटसाठी अठरा किलोमीटरच्या आत वीज पडली की अर्धा तास थांबतात, बलूनला तर त्याहून कडक नियम हवा. उरतात नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तेव्हा दहा-बारा किलोमीटरवर पश्चिमेचा जोरदार वारा असतो, बलून लातूर-नांदेडकडे सरकणार. उतरताना भीती उच्चदाब तारांची, विहिरींची आणि शेततळ्यांची. म्हणून जागा निवडताना माळ शेवटी बघा. आधी बीडच्या पूर्वेकडचा पट्टा नकाशावर घेऊन तारांच्या लाइनी आणि तलाव खुणा करा, मग इन-स्पेस या खासगी अवकाश उपक्रमांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेकडे परवानगीचं विचारा.